अकराच्या पुढे तेरा

एक्सेलमध्ये एखादी ओळ लपवली की ती पुसली जात नाही. डावीकडच्या समासातले आकडे अकरावरून थेट तेरावर उडी मारतात, एवढंच. मधली रेघ जराशी जाड दिसते, पण ती सवयीच्या डोळ्यांनाच कळावी इतपत. माझ्या जुन्या हार्ड डिस्कवर अशी एक फाइल आहे. पहिल्या ओळीत रकान्यांची नावं, त्याखाली बारा खेळाडू, प्रत्येकाची एक ओळ. म्हणजे बाराव्या ओळीत अकरा नंबरचा खेळाडू. तो दिसत नाही. मीच लपवलाय त्याला.

या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. व्यायामशास्त्राच्या एका प्रयोगशाळेत मी तेव्हा उमेदवारी करत होते. प्रयोग साधा होता. सायकलपटूंनी आठवड्याच्या अंतराने दोनदा यायचं. एकदा खरं पेय प्यायचं, एकदा तसंच दिसणारं, तशाच चवीचं पण पोकळ पेय, आणि मग यंत्राला जोडलेल्या सायकलवर वीस किलोमीटर जीव तोडून मारायचे. कुठल्या दिवशी कुठलं पेय, हे ना त्यांना ठाऊक ना मला. यादी बंद पाकिटात. पेयाची पावडर एका कंपनीने फुकट दिली होती. फक्त पावडर, पैसे नाहीत, हे मी तेव्हा सगळ्यांना आवर्जून सांगायचे. कुणी विचारलेलं नसताना.

तोंडावर मास्क चढला की माणसाला बोलता येत नाही, म्हणून त्याच्यापुढे एक तक्ता धरतात. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांचा, ६ पासून २० पर्यंतचा. ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत, २० म्हणजे आता याच्यापुढे काही नाही. आकडे असे आडनिडे का, तर त्यांना दहाने गुणलं की निरोगी तरुणाच्या नाडीच्या ठोक्यांच्या आसपास जाता येतं. दर काही मिनिटांनी मी तक्ता पुढे करायचे आणि एक घामेजलेलं बोट येऊन आकड्यावर टेकायचं. अकरा नंबरचं बोट शेवटच्या किलोमीटरला १९ वर थरथरत होतं. मास्क काढल्यावर तो बादलीत ओकला, चूळ भरली आणि मान वर करून म्हणाला, "ताई, चांगलं आलं ना?"

असं विचारलं तर काही सांगायचं नसतं, नियमच आहे तो. मी म्हटलं, "छान आलं."

मग पाकीट उघडलं. बाराही जण धरून खऱ्या पेयाचा सरासरी फायदा ३५ सेकंद, पी व्हॅल्यू ०.१४. ज्यांचा या भानगडीशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगते: पेयात काहीच दम नसता, तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती, ते हा आकडा सांगतो. तो ०.०५ च्या खाली गेला की आमच्यात सगळ्यांचे चेहरे खुलतात. वर राहिला की पेपर टेबलावर पडून राहतो. हा उंबरठा निसर्गाने घातलेला नाही, ती वहिवाट आहे. अकरा नंबर खऱ्या पेयाच्या दिवशी दोन मिनिटं दहा सेकंदांनी मागे पडला होता. सगळ्या तक्त्यात तो एकटाच एवढा मागे.

"हा अकरा जरा विचित्र दिसतोय," सर म्हणाले. "त्या दिवशी काही झालं होतं का त्याला?"

मी वही काढली. 'रात्री चार तास झोप', माझ्याच अक्षरात.

"मग त्याला धरून चालणार नाही."

राइट क्लिक, हाइड. फायदा ५० सेकंद, पी व्हॅल्यू ०.०२.

त्याच वहीत चार नंबरच्या पानावर 'काल अंगात कणकण होती' असंही लिहिलेलं होतं. चार नंबरला मात्र पेय चांगलंच लागू पडलं होतं. त्याचं पान उघड, असं सर म्हणाले नाहीत. मीही उघडलं नाही.

पुढे पेपर लिहिताना मी एक वाक्य लिहिलं, जे आजही मला तोंडपाठ आहे: 'अकरा प्रशिक्षित सायकलपटू या अभ्यासात सहभागी झाले.' सहभागी बारा झाले होते. बाराव्याला का वगळलं, हे एका ओळीत लिहिता आलं असतं. लिहिलं असतं तर वाचणाऱ्याने त्याचं काय ते ठरवलं असतं. पण ती ओळ वाचायला बरी दिसली नसती.

सर वाईट माणूस नव्हते. हे त्यांना पाठीशी घालायला सांगत नाही; उलट तीच तर अडचण आहे. त्यांनी कधी आकडा बनवला नाही, दुसऱ्याचं लिखाण उचललं नाही, विद्यार्थ्याचं काम आपल्या नावावर खपवलं नाही. झोपेचं कारणही खरंच होतं. वगळण्याचे निकष आधीच ठरवून लिहिलेले असते, 'पाच तासांपेक्षा कमी झोप झालेल्यांना धरणार नाही' असे, तर कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती. आम्ही आकडा आधी पाहिला आणि कारण मागाहून शोधलं. लबाडी असलीच तर ती त्या क्रमात होती. औषधांच्या चाचण्यांसाठी म्हणूनच मोठ्या वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी २००४ साली जाहीर केलं की पहिला रुग्ण घेण्याआधी चाचणीची जाहीर नोंद झालेली नसेल तर आम्ही ती छापणार नाही. खेळाच्या विज्ञानात ही शिस्त फार उशिरा आणि फार सैल पावलांनी आली. आमच्याकडे कोण मरतं, असा काहीसा समज असावा.

अप्रामाणिक संशोधन म्हटलं की लोकांना मोठी प्रकरणं आठवतात. लस आणि स्वमग्नतेचा संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफील्ड यांचा १९९८ मधला निबंध, तोही बाराच मुलांवरचा, आणि 'लॅन्सेट'ने तो मागे घेतला २०१० साली. अशा प्रकरणांचा एक तोटा असा की ती वाचून आपण स्वच्छ आहोत असं वाटायला लागतं. मीही ते विद्यार्थ्यांना मान हलवत शिकवलेलं आहे.

मला जास्त छळतं ते पूर्व जर्मनीचं प्रकरण, आणि त्याचं कारण वेगळं आहे. १९७४ पासून तिथे 'राज्य योजना १४.२५' या कोरड्या नावाखाली खेळाडूंना पद्धतशीरपणे हार्मोन दिले जात. ओरल-ट्युरिनाबोल नावाच्या निळ्या गोळ्या, टेस्टोस्टेरॉनचीच भावंडं. कित्येक किशोरवयीन मुलींना त्या व्हिटॅमिन म्हणून दिल्या गेल्या. आवाज फुटले, अंगावर केस आले, यकृतं बिघडली. भिंत पडल्यावर जीवशास्त्रज्ञ वेर्नर फ्रांके आणि त्यांची पत्नी, एकेकाळची थाळीफेकपटू ब्रिगिटे बेरेन्डोंक, यांनी बाड सारो इथल्या लष्करी वैद्यकीय अकादमीतून गुप्त शिक्का मारलेले प्रबंध मिळवले. १९९७ मध्ये त्यांनी त्यावर लिहिलेला निबंध मी पहिल्यांदा वाचला तेव्हा अंगावर काटा आला, आणि तो क्रौर्यामुळे नव्हे. काटा आला तो त्या नोंदींच्या टापटिपीमुळे. किती मिलिग्रॅम, किती आठवडे, गोळा किती सेंटिमीटर पुढे गेला, आणि हो, दुष्परिणाम कोणते, तेसुद्धा. कुठलीच ओळ लपवलेली नव्हती. आकड्यांपुरतं बोलायचं तर ते संशोधन माझ्या पेपरापेक्षा प्रामाणिक होतं.

त्या पानांपाशी मी बराच वेळ अडकून बसले. आकड्यांशी इमानदार राहून माणसांशी इतकं बेइमान होता येतं? मग मी काय केलं होतं? माणसाशी चांगली वागले होते. संमतीपत्र नीट समजावून सांगितलं, बादली धरली, 'छान' म्हटलं. आणि आकडा मात्र गिळला. पूर्व जर्मनीच्या क्रीडायंत्रणेचे प्रमुख मानफ्रेड एवाल्ड आणि वैद्यकीय विभागाचे मानफ्रेड ह्योपनर यांना २००० साली बर्लिनच्या न्यायालयाने दोषी ठरवलं. शिक्षा दोघांनाही निलंबित स्वरूपाची झाली. माझा गुन्हा त्यांच्या पासंगालाही पुरणार नाही, हे मला कळतं. तरी एक गोष्ट दोन्हीकडे सारखी वाटते. 'माझं काय आलं?' असं ज्याने विचारलं असतं, त्याला खरं उत्तर मिळणार नव्हतं.

संमतीपत्राचा विषय निघालाच आहे तर थोडं त्याबद्दल. १९४७ ची न्युरेंबर्ग संहिता, १९६४ चा हेलसिंकी जाहीरनामा, ही त्या कागदाची वंशावळ विद्यार्थी परीक्षेत घडाघडा लिहितात. १९३२ पासून तब्बल चाळीस वर्षं अमेरिकेतल्या टस्कीगीमध्ये शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस नुसता बघत राहिले, औषध हाताशी आल्यावरही दिलं नाही, हेही लिहितात. पण खेळाडूची संमती हा प्रकार निराळा आहे, आणि तो मैदानाजवळ राहिल्याशिवाय कळत नाही. आमच्याकडे खेळाडू एकटा येत नाही, त्याला कोच घेऊन येतो. "बारा पोरं आणलीत, सगळी तयार आहेत." मी कागद पुढे ठेवते, 'आपण कधीही, कारण न देता, माघार घेऊ शकता' हे वाक्य मोठ्याने वाचते, आणि पोरं माझ्याकडे न बघता दाराशी उभ्या असलेल्या कोचकडे बघतात. पुढच्या महिन्यात संघनिवड असते. कोण माघार घेणार? हेलसिंकी जाहीरनाम्यात यावर नेमकं बोट ठेवलेलं आहे: ज्याच्यावर ती व्यक्ती अवलंबून आहे त्याने संमती मागू नये, दुसऱ्या त्रयस्थ माणसाने मागावी. मी ती त्रयस्थ होते, कागदावर. कोचला चहाच्या निमित्ताने बाहेर पाठवावं, एवढी साधी अक्कल मला तिसऱ्या अभ्यासाच्या वेळी सुचली. त्या दिवशी पहिल्यांदाच दोन मुलं म्हणाली, "आम्हाला नाही करायचं." मला इतका आनंद झाला की त्यांना वाटलं असेल ही बाई वेडी आहे.

आणि त्याच जाहीरनाम्यात २०२४ साली एक शब्द बदलला. इतकी वर्षं प्रयोगात भाग घेणाऱ्याला 'सब्जेक्ट' म्हणत, आता 'सहभागी' म्हणायचं. माझ्या फाइलमध्ये अकरा नंबरचं नाव आहे 'एस ११'. एस म्हणजे सब्जेक्ट.

ओळ लपवणं ही एक बाजू झाली. उलटं घडल्याचंही उदाहरण आहे: ओळ आहे, पण तिच्यामागे माणूसच नाही. धावपटू द्युती चंदचा खटला बहुतेकांना आठवत असेल. शरीरात नैसर्गिकरीत्या टेस्टोस्टेरॉन जास्त म्हणून २०१४ मध्ये तिला स्पर्धेतून बाहेर काढलं. जुलै २०१५ मध्ये क्रीडा लवादाने तो नियम स्थगित केला आणि आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाला सांगितलं की अशा खेळाडूंना नेमका किती फायदा होतो याचा पुरावा दोन वर्षांत आणा. दोन वर्षांनी, जुलै २०१७ मध्ये, निबंध प्रसिद्ध झाला. लिहिणारे दोघेही महासंघाशीच जोडलेले. २०११ आणि २०१३ च्या जागतिक स्पर्धांतल्या आकड्यांवरून काही शर्यतींत, तसंच हातोडाफेक आणि पोल व्हॉल्टमध्ये, जास्त टेस्टोस्टेरॉन असलेल्या महिला पुढे असल्याचं त्यांना आढळलं होतं. पुढच्या वर्षी नवा नियम आला, तो ४०० मीटर ते एक मैल एवढ्याच शर्यतींना. म्हणजे हातोडाफेक आणि पोल व्हॉल्ट बाहेर, आणि जिथे निबंधाला काही सापडलं नव्हतं ती १५०० मीटर आत.

रॉजर पिल्के, रॉस टकर आणि एरिक बॉये या तीन अभ्यासकांनी मूळ आकडे मागितले. मिळाले थोडेसेच, चार शर्यतींचे. त्यांनी ते जाहीर निकालांशी एकेक करून ताडून पाहिले, आणि १७ ते ३३ टक्के नोंदी चुकीच्या किंवा संशयास्पद निघाल्या. एकाच खेळाडूची नोंद दोनदा, तीच वेळ पुन्हा, आणि काही वेळा तर अशा की त्या वेळेत ती शर्यत पूर्ण करणारी कुणी सापडतच नव्हती. भूतच धावलं होतं म्हणायचं. लेखकांनी नंतर शेकडो नोंदी काढून फेरमांडणी केली, निष्कर्ष तोच असल्याचं सांगितलं. मग ऑगस्ट २०२१ मध्ये त्याच नियतकालिकात दुरुस्ती आली: हे निष्कर्ष प्राथमिक शोधाच्या पातळीवरचे आहेत, कार्यकारणभाव सिद्ध झाल्याचा अर्थ त्यातून निघाला असेल तर तो दिशाभूल करणारा ठरू शकतो. तोवर २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेची धावपटू कॅस्टर सेमेन्या याच नियमाविरुद्धचा आपला खटला हरून बसली होती. नियम योग्य की अयोग्य हा वाद मोठा आहे, त्याला इतरही पुरावे आणि इतरही बाजू आहेत, आणि मी त्यात इथे शिरत नाही. मला खुपतं ते एवढंच की प्रश्न ज्याचा, उत्तर शोधणारा त्याचा, आणि उत्तरावर नियम करणाराही तोच. पावडर फुकट घेतलेल्या बाईने हे म्हणावं की नाही, हा पुन्हा वेगळा मुद्दा.

महिलांचाच विषय निघालाय तर एक आकडा. २०२१ मध्ये क्रीडाविज्ञानाच्या पाच हजारांहून अधिक निबंधांची पाहणी झाली. सहभागींमध्ये महिला ३४ टक्के. फक्त महिलांवर केलेले अभ्यास ६ टक्के. कारण विचारलं तर आमच्यात वर्षानुवर्षं एकच उत्तर ठरलेलं: मासिक पाळीमुळे आकडे हलतात, गोंधळ वाढतो. सरांनी अकरा नंबरबद्दल म्हटलेलंच वाक्य, अर्ध्या मानवजातीला लावलेलं. 'धरून चालणार नाही.' मी स्वतः बाई असून माझ्या पहिल्या तीन अभ्यासांत एकही मुलगी नव्हती आणि मला ते जाणवलंही नाही.

आमची खरी गोची आहे ती संख्येची. जगातले उत्तम खेळाडू मूठभर, त्यातले प्रयोगशाळेत येणारे चिमूटभर. दहा-बारा माणसांवरून काय बोलणार? या भुकेपोटी २००६ च्या सुमारास एक नवी संख्याशास्त्रीय पद्धत निघाली. पी व्हॅल्यूच्या जाचातून सुटका, 'बहुधा फायदेशीर', 'कदाचित फायदेशीर' अशी समंजस भाषा, आणि वापरायला तयार एक्सेल शीट. मीही वापरली. २०१८ मध्ये स्टॅनफर्डच्या संख्याशास्त्रज्ञ क्रिस्टिन सैनानी यांनी दाखवून दिलं की छोट्या गटांवर ही पद्धत खोटे फायदे 'सापडण्याचं' प्रमाण भलतंच वाढवते. आडातच नव्हतं, पोहऱ्यात कुठून येणार? पण आम्हाला पोहरा भरलेला दिसत होता, कारण तो तसा दिसेल अशीच शीटची मांडणी होती. यात कुणी कुणाला फसवलं असं मला वाटत नाही. शेकडो चांगल्या माणसांना एकच उत्तर हवं होतं, आणि ते देणारं यंत्र मिळालं. ते यंत्र नसताना मी उजव्या बटणावर काम भागवलं होतं.

गेल्या वर्षी मी ती ओळ उघडली. निमित्त असं काही नव्हतं. एका विद्यार्थिनीने तिच्या प्रबंधात आमच्या पेपराचा दाखला दिला होता, अगदी विश्वासाने, आणि मला तो तपासायचा होता. बाराही जण धरून पुन्हा गणित केलं, ०.१४ आलं. नियतकालिकाला दुरुस्तीचं पत्र लिहिलं आणि पाठवण्याआधी सरांना फोन केला. ते आता निवृत्त आहेत, ऐकू कमी येतं. सगळं दोनदा सांगावं लागलं. गप्प राहिले. मग म्हणाले, "चार नंबरचं तेव्हा का नाही सांगितलंस?" मी काही बोलले नाही. "पाठव," ते म्हणाले. "पत्राखाली माझंही नाव घाल." संपादकांचं उत्तर आलंय, विचार चालू आहे म्हणून.

राहिला अकरा नंबर. तो आता स्वतः मुलांना सायकलिंग शिकवतो. त्याला शोधून भेटायला गेले, लॅपटॉप घेऊन. सुरुवात कशी करायची, कुठलं वाक्य आधी, हे सगळं वाटेत घोकलं होतं. त्याला मात्र मजाच वाटत होती. "तो मास्क! ती बादली! ताई, तुम्ही छान आलं म्हणाला होतात." मी फाइल उघडली. नावं नव्हती, नुसते क्रमांक, तरी बाकीचे रकाने आधीच झाकून ठेवले होते. घाईत मी मूळची जुनी प्रत उघडली होती, हे मला कळलं नाही.

"मी अकरावा ना?" म्हणत त्याने पडद्यावर बोट टेकवलं आणि डावीकडच्या समासावरून खाली आणलं. नऊ. दहा. अकरा. बोट थांबलं.

"ताई, इथे एकदम तेरा आहे."